दीड फेरा

“सकाळी लवकर सुरूच होत नाही गं. कितीतरी वेळ नुसती घरघर. झालं एकदाचं सुरू, तरी जागचं हलत नाही. जरा जोर लावावा तर नुसता धूर. असं एका जागी ठेवून चालतं का? गंज चढेल ना! कोणीतरी नीट बघायला हवं.”

बाथरूमची हातभर खिडकी गॅलरीत उघडते, ही घर बांधणाऱ्याची चूक. गॅलरीत उभं राहून बाई फोनवर आपल्या धाकट्या बहिणीशी बोलत होत्या आणि आत अर्ध्या गालाला साबण फासून भाऊसाहेब ऐकत होते. चोरून नव्हे. खिडकीच तशी आहे. पण ऐकता ऐकता वस्तरा जागच्या जागी थांबला आणि गालावरच्या साबणाने वाळून खपली धरली. त्यांना धक्काच बसला. एवढं सगळं घरात चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही!

बाई म्हणजे भाऊसाहेबांची बायको. मुख्याध्यापिका असल्यामुळे अख्ख्या इमारतीला त्या बाई, आणि एकतीस वर्षांच्या सहवासाने मनातल्या मनात भाऊसाहेबांनाही बाईच. आणि ज्या गाडीबद्दल त्या बोलत होत्या ती त्यांच्या वडिलांची. जुनी, सायीच्या रंगाची, कार्बोरेटरवाली. वडिलांना शेजारी बसवून बाई त्याच गाडीवर शिकल्या, आणि वडील गेल्यावर रोज नऊ किलोमीटरवरच्या शाळेत त्याच गाडीने जाऊ लागल्या. भाऊसाहेबांना गाडी चालवता येत नाही. ते शेजारी बसून “सावकाश” म्हणतात.

फ्रिजवर महिनाभर एक पत्र चिकटवलेलं होतं. वाहन कार्यालयाचं. गाडीचं वय पाहता तिने तीस तारखेच्या आत धुराची तपासणी पार करावी, अन्यथा नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात जमा करावी लागेल, अशी त्यात गोड भाषेत तंबी होती. पत्राचा मसुदा भाऊसाहेबांना आवडला होता. आता मात्र त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. गाडी सुरू होत नाही, हलत नाही, धूर ओकते, आणि बिचारी बाई आपल्याला काही न सांगता बहिणीपाशी रडते!

“कोणीतरी नीट बघायला हवं.” भाऊसाहेबांनी आरशात पाहिलं. अर्ध्या दाढीचं ते कोणीतरी त्यांच्याकडेच बघत होतं.

भाऊसाहेब दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. एकोणतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभाग. आलेला कागद नोंदायचा, गेलेला कागद नोंदायचा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की ह्यांच्या काळात एकही कागद हरवला नाही. आणि लगेच भाषणाचा कागद सापडेना म्हणून खाली बसले. तेव्हापासून भाऊसाहेब घरी होते. म्हणजे, घरीच होते. रोज सकाळी नऊ वीसला कपडे करून फाटकापर्यंत जाऊन यायचे, हवा कशी आहे बघायला. मग वर्तमानपत्र. मग तेच वर्तमानपत्र मागच्या पानापासून.

त्या दिवसापासून वर्तमानपत्र सुटलं. रद्दीच्या दुकानातून त्यांनी मोटार-दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणलं. एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस पानं गायब होती. पण ज्या माणसाने एकोणतीस वर्षं अर्धवट प्रकरणं निकालात काढली त्याला आठ पानांचं काय!

आणि दुपारी जेवण झाल्यावर बाराव्या पानावर त्यांना आयुष्यातला दुसरा धक्का बसला.

“अगं!” बाई शाळेतून आल्या आल्या ते दारातच ओरडले. “गाडी पेट्रोलवर चालत नाही!”

बाईंनी चप्पल काढता काढता वर पाहिलं. “मग?”

“हवेवर! एक भाग पेट्रोल आणि पंधरा भाग हवा, वजनाने! वजनाने म्हणतोय मी. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटर हवा लागते. नऊ हजार! आपण इतकी वर्षं पेट्रोल भरत होतो आणि खरं काम हवा करत होती.”

“ते मी सातवीला शिकवते,” बाई म्हणाल्या. “चहा टाकू का?”

पण भाऊसाहेब गप्प बसण्याच्या पलीकडे गेले होते. हवा! जी डोक्यात जाते, जी लोक एकमेकांची काढतात, ज्या हवेत गप्पा मारतात ती हवा बोनेटच्या आत पंधराला एक ह्या हिशोबाने राबते आहे, आणि कुठे नोंद नाही. कार्बोरेटर नावाचं एक पितळी-जस्ती डबडं ते मिश्रण करतं. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर. हवा जास्त झाली तर इंजिन फटफटतं, तापतं, रुसतं. म्हणजे इंजिन तरी दुसरं काय? हवेची आवक, धुराची जावक. भाऊसाहेबांना वाटलं, निवृत्त झालोच नाही आपण. नुसती बदली झाली.

रविवारी सकाळी मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री बाईंच्या वडिलांपासून ह्या गाडीचे डॉक्टर. त्यांनी हात पुसले, एक प्लग काढला, उजेडात धरला.

“बिस्किटी,” ते म्हणाले.

“अरे देवा,” भाऊसाहेब म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. प्लगचं प्रकरण नेमकं एकेचाळीस ते अठ्ठेचाळीसमध्ये होतं. “बरं होईल ना?”

मेस्त्रींनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर गॅलरीत उभ्या असलेल्या बाईंकडे गेली. बाईंनी मान अशी काही हलवली, की जणू मानेवर माशी बसली होती. मेस्त्रींनी तोंड मिटलं, प्लगवर फुंकर मारली आणि पुन्हा बसवून टाकला.

“बघायला हरकत नाही, साहेब,” ते म्हणाले. “हा खालचा, मागच्या बाजूचा पितळी स्क्रू. मिश्रणाचा. हलक्या हाताने पूर्ण आवळायचा, जोर करायचा नाही, टोक दुखतं त्याचं. मग सोडायचा. दीड फेरा. बरोबर दीड.”

“मी करू?”

“करा की. तुमचीच गाडी.” आणि निघताना फाटकापाशी ते गॅलरीकडे बघून हसल्यासारखे दिसले. भाऊसाहेबांना वाटलं, ऊन लागलं असेल डोळ्यांवर.

आपल्याकडे माणसाने घरात गप्प बसून काही वाईट काम केलं तर चार वर्षं कोणाला कळत नाही, पण बोनेट उघडलं की चार मिनिटांत चार माणसं जमतात. पहिले आले तळमजल्यावरचे प्राध्यापक. ते तर्कशास्त्राचे, त्यामुळे सगळ्याच शास्त्रांतलं आपल्याला कळतं असा त्यांचा तर्क.

“दीड ही संख्याच संशयास्पद आहे,” ते म्हणाले. “माणूस दीड कधी म्हणतो? एक म्हणायचा धीर नाही आणि दोनाची खात्री नाही, तेव्हा. मी म्हणतो, अडीच करा.”

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी खिडकीतून केस विंचरता विंचरता डोकं बाहेर काढलं. “अहो भाऊसाहेब, माझ्या मावसभावाने असाच स्क्रू फिरवला आणि गाडी जी सुरू झाली ती बंदच होईना. शेवटी पेट्रोल संपायची वाट बघत बसला. तुम्ही आपलं अर्धाच फिरवा.”

“वहिनी, ह्यात मतदान नसतं,” भाऊसाहेब म्हणाले.

“नाही हो, तुमचा वेळ छान जातोय, तर हळूहळू केलेलं बरं, एवढंच म्हणत होते,” वहिनी म्हणाल्या आणि एकदम जीभ चावून आत गेल्या.

अडचण अशी होती की स्क्रू दिसत नव्हता. कार्बोरेटरच्या पाठीमागे, खाली, चोराच्या घरासारखा दडलेला. हात पोचत होता, नजर पोचत नव्हती. भाऊसाहेबांनी बाईंच्या पर्समधला छोटा आरसा आणला. प्राध्यापकांनी आरसा धरला. भाऊसाहेबांनी मडगार्डवर वही ठेवली, उजव्या हातात पेन, डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि आरशात बघत घड्याळाच्या दिशेने, अत्यंत हलक्या हाताने, आवळायला सुरुवात केली. अर्धा फेरा. नोंद. अर्धा फेरा. नोंद. वेळ, दिशा, शेरा.

“आवळला का?” प्राध्यापक.

“नाही. आहे अजून.”

सात नोंदी झाल्या. नऊ झाल्या. भाऊसाहेबांना त्या स्क्रूबद्दल आदर वाटू लागला. केवढा लांब! अकराव्या नोंदीला हाताखाली एकदम मोकळं मोकळं वाटलं. टिंग असा आवाज आला. मग खाली कुठेतरी, इंजिनाच्या पोटात, आणखी एक बारीकसं टुंग. आणि मग शांतता.

शेरा रकान्यात पेन टेकलं होतं, पण काय लिहावं ते सुचेना.

“स्क्रू पडला,” प्राध्यापक म्हणाले. तर्कशास्त्रात ह्याला निष्कर्ष म्हणतात.

“पण मी तर आवळत होतो!”

वरून पुन्हा वहिनींचं डोकं बाहेर आलं. हातात फणी. “भाऊसाहेब, आरशात उलटं दिसतं ना? मी भांग पाडते तेव्हा रोज चुकते.”

भाऊसाहेब गार पडले. अकरा नोंदी. तारीखवार, वेळवार, स्वच्छ अक्षरात, आणि सगळ्याच्या सगळ्या उलट्या! उभ्या नोकरीत त्यांनी एक कागद आवकऐवजी जावकला चढवला नव्हता, आणि इथे अख्खं पान! प्राध्यापकांनी मोठ्या नाजूकपणे आरसा मिटला आणि खिशात घातला. कोणाच्या पर्समधला आहे ते ते विसरले होते.

पुढचे दोन तास स्क्रूचा शोध. वहिनींनी दोरीला फ्रिजवरचं लोहचुंबक बांधून खिडकीतून सोडलं. चुंबकाने स्क्रूची स्प्रिंग काढून दिली, दोन केसांच्या पिना आणि गेल्या कित्येक वर्षांतला एक खिळाही दिला. स्क्रू मात्र येईना. “सर्व धातू चुंबकाला चिकटतात, स्क्रू धातूचा आहे, म्हणून स्क्रू चिकटला पाहिजे,” असं प्राध्यापक तीन वेळा म्हणाले. पितळेला ते ऐकू गेलं नाही. बाई खाली आल्या, नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, वाकल्या आणि त्याच्या पायजम्याच्या दुमडीतून स्क्रू काढून हातावर ठेवला.

“जेवायला चला,” एवढंच म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊसाहेबांना वाटलं. ही बाई सातवीच्या पोराने पेन्सिल हरवली तर शाळा डोक्यावर घेते!

दुसऱ्या दिवशी आरशाशिवाय, चाचपून, त्यांनी स्क्रू बसवला. फेरे किती हा प्रश्न आता तत्त्वज्ञानाचा झाला होता. बसला, पडत नाही, एवढ्यावर समाधान मानलं. संध्याकाळी बाईंनी किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. प्राध्यापक आणि भाऊसाहेबांनी धक्का मारला. आणि मग, फाटकापाशी, सायलेन्सरमधून असा फटाका वाजला की प्राध्यापक रस्त्यावरच बसले, आणि पाठोपाठ जो काळा लोट उठला तो वारा नसतानाही सरळ वर, वहिनींच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गेला. अगदी निमंत्रण असल्यासारखा.

वहिनी खिडकीत आल्या. चादर बघितली. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला, मग त्यांनी खाली बघितलं. भाऊसाहेब दोन्ही हात काळे करून, तोंड उघडं टाकून उभे होते. वहिनींनी श्वास आत घेतला आणि गिळला.

“जुनीच होती,” त्या म्हणाल्या.

भाऊसाहेब थक्क झाले. मागच्या वर्षी ह्याच वहिनींनी कुंडीतल्या पाण्याच्या चार थेंबांवरून त्यांच्याशी तीन महिने अबोला धरला होता. जगाला झालंय काय? सगळे इतके चांगले का वागताहेत? कोणी आजारी असल्यासारखे!

त्या आठवड्यात बाई दोन बस बदलून शाळेत गेल्या. सहा वाजता उठायच्या, पाय दुखले तरी बोलायच्या नाहीत, आणि संध्याकाळी विचारायच्या, “मग, आज काय शिकलात?” भाऊसाहेब सांगायचे. त्यांना आता झोपेतही पंधरास एक दिसायचं. चहात साखर घालताना त्यांचा हात थबकायचा. बाई ऐकायच्या, आणि अधूनमधून खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे बघायच्या.

पंचवीस तारखेला, शनिवारी, गाडी कशीबशी ढकलत-हाकत तपासणी केंद्रावर नेली. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कार्यालय म्हटलं की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

तिथे दोन पाट्या होत्या. एक: “इंजिन गरम असल्याशिवाय तपासणी होणार नाही.” दुसरी: “रांगेत इंजिन बंद ठेवावे.” रांग पाऊण तासाची. पुढे पोचेपर्यंत इंजिन थंडगार. कारकून म्हणाला, “गरम करून आणा.” गरम करायला बाहेर काढली तर रांगेतला नंबर गेला. पुन्हा शेवटी. पुन्हा इंजिन बंद.

“पण ह्या दोन पाट्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत!” भाऊसाहेब खिडकीत वाकून म्हणाले.

“लेखी द्या,” कारकून म्हणाला. “आवकच्या खिडकीत.”

आवकची खिडकी बंद होती. ‘जेवणाची सुट्टी.’ भाऊसाहेब त्या पाटीकडे बघतच राहिले. ती पाटी ते स्वतः एकोणतीस वर्षं लावत आले होते. तिच्या ह्या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते. ह्या बाजूने ती फार वेगळी दिसते.

तिसऱ्या फेरीला मागच्या गाडीवाल्यांनी मिळून त्यांची गाडी रांगेतून ढकलत नेली, म्हणजे इंजिन चालू की बंद हा वाद मिटला. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्यावर आकडा आला, आणि तो दोन पावलं मागे सरला.

“नापास. पेट्रोल जाळताय की ओतताय?”

भाऊसाहेबांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी तिथल्या तिथे बोनेट उघडलं, हात घातला आणि स्क्रू आवळला. थोडा आणखी. थोडा आणखी. हलक्या हाताने वगैरे राहिलंच. गाडी फट, फट, फट करून डचमळू लागली. तपासनिसाने पुन्हा नळी घातली.

“आता हवाच जास्त. पेट्रोल पेटतच नाही, कच्चंच बाहेर येतंय. पुन्हा नापास.” त्याने चष्मा काढला आणि भाऊसाहेबांकडे आदराने बघितलं. “एका दिवसात दोन्ही बाजूंनी नापास झालेली ही माझी पहिली गाडी. अर्जात दुरुस्ती करणाऱ्याचं नाव-हुद्दा लिहा.”

“निवृत्त अधीक्षक, आवक-जावक,” असं भाऊसाहेबांनी सांगितलं. तपासनिसाने ‘निवृत्त’ एवढंच लिहिलं. रकाना लहान होता.

घरी येताना गाडी दर चौकात थांबली. इमारतीच्या फाटकात शिरल्यावर भाऊसाहेब उतरले. बाई उतरल्या नाहीत. भाऊसाहेब छत्री विसरली म्हणून परत वळले तर काचेतून त्यांना दिसलं: बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या आणि पदराने त्याच्या मधल्या, हॉर्नच्या फुटक्या बटणावरची धूळ पुसत होत्या. एकदा पुसून झाली तरी पुन्हा. आणि ओठ आत घेतलेले, वडील गेले त्या दिवशी घेतले होते तसे.

भाऊसाहेब छत्री न घेताच मागे फिरले. आतापर्यंत बसलेले धक्के हे धक्केच नव्हते, हा धक्का. आपण बायकोचं दुखणं बरं करायला निघालो आणि तिच्या वडिलांची शेवटची वस्तू भंगाराच्या दारात नेऊन उभी केली! पाच दिवस उरले होते.

त्या दिवशी त्यांनी वही कपाटात ठेवली, पुस्तक रद्दीत टाकलं आणि स्वतः चालत मेस्त्रींच्या गॅरेजवर गेले.

“मेस्त्री, माझ्याने होत नाही,” ते म्हणाले. एवढं वाक्य म्हणायला त्यांना गॅरेजच्या दारात दोन वेळा घसा खाकरावा लागला. “तुम्ही या.”

“तुम्ही म्हणायचीच वाट बघत होतो, साहेब,” मेस्त्री म्हणाले. आणि मग स्वतःच दचकून पान्हे आवरू लागले.

तीस तारखेला सकाळी बाईंनी अर्धी रजा टाकली. मेस्त्री, बाई, भाऊसाहेब, आणि “साक्षीदार असावा” म्हणून प्राध्यापक, अशी वरात निघाली. निघण्यापूर्वी मेस्त्रींनी जुना स्क्रू काढून दाखवला: टोक दबलेलं. त्यांनी खिशातून नवा काढला, तो बसवला, आवळला, दीड फेरा सोडला. आरसा नाही, वही नाही. मग इंजिन सुरू करून डोळे मिटले, कान दिला आणि बोटांच्या टोकांनी स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. इंजिनाचा आवाज वर गेला, स्थिर झाला, मऊ झाला. उबेला बसलेलं मांजर गुरगुरतं तसा. भाऊसाहेबांना कळलं, की नऊ हजार लिटर हवा ऐकता येते.

ह्या वेळी केंद्रावर रांग नव्हती. महिनाअखेर असूनही नव्हती. सरकारी रांगेला नियम नसतो, मूड असतो. तपासनिसाने नळी घातली, पडद्याकडे बघितलं, मग पडद्यावर टिचकी मारून पुन्हा बघितलं.

“पास,” तो म्हणाला. “उत्तम आहे. आत या, शिक्का घ्या.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. गाडीच्या बोनेटवर एक हात नुसता ठेवला, ताप बघावा तसा. भाऊसाहेबांना खुर्ची हवीशी वाटली, म्हणून ते आत जाऊन बसले. मागच्या वेळी ह्या खोलीपर्यंत मजलच गेली नव्हती.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. त्यावर ओळीने प्लगची चित्रं. भाऊसाहेबांना तक्ता दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. काळा प्लग: पेट्रोल जास्त. पांढरा प्लग: हवा जास्त. आणि मधोमध, हिरव्या चौकटीत, बिस्किटी प्लग.

त्याच्याखाली लिहिलं होतं: मिश्रण अचूक. इंजिन उत्तम स्थितीत. हात लावू नये.

भाऊसाहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

“मेस्त्री,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी तुम्ही प्लग काढला होता. तो बिस्किटी होता. माझ्या वहीत नोंद आहे.”

मेस्त्री छताचा पंखा बघू लागले. प्राध्यापकांच्या बुटाची नाडी एकाएकी सुटली, ते खाली वाकले. त्यांनी चप्पल घातली होती.

“गाडीला काही झालंच नव्हतं?” भाऊसाहेब उभे राहिले. “मग सुरू होत नव्हतं काय? हलत नव्हतं काय? मी माझ्या कानांनी ऐकलं, अर्धी दाढी राहिली होती माझी! सुरूच होत नाही, जागचं हलत नाही, गंज चढेल...”

बाई दारात उभ्या होत्या. किल्ली हातातल्या हातात फिरवत.

“सांगून टाका, बाई,” मेस्त्री पंख्याला म्हणाले. “बंद गाडीला धक्का मारावाच लागतो कधीतरी.”

“गाडीबद्दल नव्हते बोलत मी,” बाई म्हणाल्या. “तुमच्याबद्दल बोलत होते.”

खोलीत शिक्क्याचा एक आवाज आला आणि तोही ओशाळून थांबला. भाऊसाहेबांच्या डोक्यात ती सगळी वाक्यं एकामागून एक सुरू झाली आणि एकेक जागेवर जाऊन बसली. सकाळी लवकर सुरूच होत नाही. कितीतरी वेळ नुसती घरघर. जरा जोर लावावा तर नुसता धूर. आपली मराठी मोठी बेरकी: ‘होत नाही’ म्हटलं की त्यात बाई, बाप्या, गाडी, घोडं, सगळं एकाच खुंटीला टांगलं जातं. पण तरीही...

“होत नाही?” ते म्हणाले. “तू ‘होत नाहीत’ म्हणायला हवं होतंस. माझ्याबद्दल असेल तर ‘नाहीत’. ‘त’ लागतो शेवटी!”

“धाकटीशी बोलताना एकेरीच म्हणते मी तुम्हाला.”

“कधीपासून?”

“लग्न ठरल्यापासून.”

हा धक्का इतका मोठा होता की त्याच्या सावलीत पहिला जरा वेळ दिसेनासाच झाला. एकतीस वर्षं! समोर ‘अहो’, आणि पाठीमागे एक ‘त’सुद्धा नाही! भाऊसाहेब खाली बसले.

“बस बदलून जात होतीस तू,” ते म्हणाले. “आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही सहाला उठत होतात,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी काहीतरी सांगत होतात. मेस्त्रींना सांगून ठेवलं होतं मी, शेवटी येऊन नीट करून द्या म्हणून. पण तो स्क्रू पडला तेव्हापासून माझ्या जिवात जीव नव्हता.” त्या जवळ येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि शाळेत एखाद्या पोराशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, “रोज नऊ वीसला कपडे करून फाटकापर्यंत जाता. परत येता. जिन्यापर्यंत येता न येता तोच पुन्हा वळता, अर्ध्या वाटेवर जाऊन उभे राहता. मग घरात. रोज दीड फेरा. वहिनी वरून बघतात, प्राध्यापक खालून बघतात, सुट्टी असली की मी खिडकीतून बघते. सगळे बघतात आणि कोणी काही बोलत नाही.”

“हवा बघायला जातो मी,” भाऊसाहेब म्हणाले.

प्राध्यापकांनी नसलेली नाडी बांधून पूर्ण केली, पण ते वर उठले नाहीत. बाहेर तपासनीस ओरडला, “ती जुनी गाडी कोणाची? सुरू करा आणि पुढे घ्या!” कोणी हललं नाही.

भाऊसाहेब तक्त्याकडे बघत होते, हिरव्या चौकटीकडे.

“हवा नाही,” ते म्हणाले. “ऑफिसला निघतो मी. फाटकाशी गेलं की आठवतं, ऑफिस नाही आता. म्हणून परत फिरतो.” त्यांनी बाईंच्या हातातल्या किल्लीला उगाच बोट लावलं. “आणि जिन्याशी येईपर्यंत पुन्हा विसरतो.”